पहिल्या दोन ओळी

काकूंना खोटं बोलता येत नाही. लोक याला गुण म्हणतात. म्हणोत बापडे! याच गुणापायी काकूंनी एकुलती एक लेक हातची घालवली, आणि ती परत मिळवायला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना जे शिकावं लागलं, ते ऐकलंत तर कपाळाला हात लावाल.

काकू म्हणजे दुरुस्तीवाल्या काकू. नवीन कपडा त्या शिवत नाहीत. उसवलेलं, फाटलेलं, घट्ट झालेलं, चेन बिघडलेलं, असलं काय ते त्यांच्याकडे येतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पायमशीन आणि भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या. मागच्या खोलीत पलंग, कपाट आणि नवरा. नवरा म्हणजे मीटरवाले काका. उभा जन्म पाणीखात्यात मीटरचे आकडे टिपण्यात गेला. दारोदार फिरायचे, आणि दारात ते पोचायच्या आधी त्यांचा खोकला पोचायचा. दोन आखूड, एक लांब, मग घसा खाकरणं. सिगारेट सुटली, नोकरी सुटली, खोकला काही सुटला नाही. लेक लहान होती तेव्हा तिने बेलची वाट कधी बघितलीच नाही. जिन्यात खोकला ऐकू आला की हातातलं टाकून धावायची आणि दार उघडून उभी! काका म्हणायचे, "या घरात बेल बसवली ती फुकट गेली."

लेकीला काका भिंगरी म्हणत, कारण एका जागी बूड टेकवेल तर शपथ. भिंगरी बापावर गेली होती, खाण तशी माती. दोघं एकाच गोष्टीवरून हसायची आणि एकाच गोष्टीवरून भडकायची. ती बावीस वर्षांची झाली तेव्हा काकांनी चार ठिकाणी शब्द टाकून आपल्याच खात्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली. भिंगरी म्हणाली, मला नाही खुर्चीत बसून आकडे टिपायचे. मी मैत्रिणीबरोबर लांबच्या शहरात चाललेय, नाटकांचे दिवे लावायचं काम शिकायला.

झालं! काकांचा पारा चढला. "दिवे लावणार? आजवर लावलेत ते काय कमी आहेत? स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि निघाली जग उजळायला! गेलीस तर या दारात पुन्हा उभी राहू नकोस."

भिंगरी गेली ती त्याच पावली. अंगातल्या शर्टाचं वरचं बटण खरंच तुटलेलं होतं. शिवणाऱ्या बाईची मुलगी तुटक्या बटणाने घराबाहेर पडली, हे काकूंच्या डोळ्यांपुढून आजतागायत हललेलं नाही.

पहिलं वर्षभर ती काकांना चोरून आईला फोन करायची. एकदा तिने विचारलं, "बाबा विचारतात का गं माझं?" आता कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती, विचारतात की, रोज विचारतात. काकू म्हणाल्या, "तुझा विषय घरात निघत नाही, बाळा." अक्षर न अक्षर खरं. पलीकडून नुसतं "बरं." त्यानंतर तो नंबर लागला नाही तो लागलाच नाही. पाच वर्षं झाली.

विषय निघत नव्हता हे खरं. आणि भिंगरी गेल्यापासून काका रात्री दाराची कडी घालत नाहीत, बाहेरून किल्लीने उघडेल असं नुसतं लॅच ओढतात, हेही खरंच होतं की! पण हे दुसरं खरं सांगायचं काकूंना त्या वेळी सुचलं नाही. एक ओळ चुकली आणि पोर गेली.

यंदा थंडीत काकांचा खोकला बदलला. दोन आखूड, एक लांब असा हिशेब राहिला नाही. सुरू झाला की थांबेना, आणि शेवटी शेवटी ओला होऊन घशातच अडकायचा. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकूंना एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, फुप्फुसं आवळत चालली आहेत, उपाय नाही, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा. "किती दिवस?" काकूंनी सरळ विचारलं. "चार महिने धरून चला."

घरी आणलं त्या दिवशी काका कठडा धरून दोन मजले चढले, तीनदा पायरीवर बसले, दारापाशी आले, खोकले, आणि तसेच उभे राहिले. काकू मागे किल्ली घेऊन. काका बाजूला सरकेनात. नुसते दाराकडे बघतायत. आणि एकदम काकूंना कळलं. हे वाट बघतायत! आतून कुणीतरी उघडेल म्हणून!

मग काका भानावर आले आणि खेकसले, "उघड ना, बघत काय उभी राहिलीस?" काकूंची किल्ली दोनदा चुकली. काही झालं तरी चार महिन्यांच्या आत भिंगरीला या दारातून आत आणायचं, हे त्यांनी तिथेच, कुलूप काढता काढता ठरवलं.

ठरवायला काय जातंय! शोधायचं कुठे? त्या मैत्रिणीचे आईवडील घर बदलून गेलेले. काकूंनी एकेक करून अकरा नाट्यगृहांना फोन लावले. "दिवेवाले आहेत आमच्याकडे, दिवेवाली कुणी नाही," असं ऐकून फोन ठेवले. पोलीस चौकीत जाऊन आल्या. तिथला हवालदार बरा होता बिचारा, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, अठ्ठावीस वर्षांची मुलगी, आपल्या मर्जीने गेलेली. ही काही हरवलेली नाही, रागावलेली आहे. रागावलेल्यांसाठी आमच्याकडे रजिस्टर नसतं." काकूंच्या बहिणीची मुलगी इंटरनेटच्या कामातली. तिने मोबाइलवर सगळीकडे भिंगरीचं खरं नाव टाकून बघितलं. त्या नावाच्या चाळीस जणी निघाल्या, आपली एकही नाही. "परत ये असा व्हिडिओ टाकूया का, मावशी?" तिने विचारलं. काकूंनी मान हलवली. बापाचीच लेक ती. शोधताहेत असं कळलं की आणखी आत जाऊन लपेल.

एक महिना असाच गेला.

मग एका सकाळी लॅबमधली मुलगी काकांचं रक्त न्यायला आली. तिच्या पांढऱ्या कोटाचं बटण असं काही लावलेलं होतं की काकूंनी तो कोटच हातात धरला. दोऱ्याचा हा एवढा गुंता! "अगं बाई, हे कुणी केलं?"

"मीच. व्हिडिओ बघून."

"आईला नाही का विचारायचं, फोन करून?"

"आईला फोन केला की आधी अर्धा तास बोलणी खावी लागतात, काकू. व्हिडिओ रागावत नाही."

मुलगी रक्त घेऊन गेली. काकू मशीनवर बसल्या, पण पाय चालेना. व्हिडिओ रागावत नाही! म्हणजे घरापासून लांब राहणारी ही पोरं आईला विचारायचं ते सगळं आता फोनला विचारतात. भिंगरीही विचारत असणार. तिला तर काही म्हणजे काही येत नव्हतं! ती विचारेल तेव्हा समोर मी यायला हवं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडी काकूंनी अशी दोन्ही हातांनी धरली. काकांना मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आशा लावायची आणि मग ती फोल जायची, एवढी ताकद त्या छातीत उरली नव्हती.

त्याच आठवड्यात भाची आली आणि फोनला तिवई लावून दिली. चौकटीत फक्त हात दिसायचे, काकूंचे हात आणि कापड. काकूंचा आवाज थरथरायचा, म्हणून बोलणं नाही, नुसतं संगीत. काका मागच्या खोलीतून ओरडले, "म्हातारपणी नटी व्हायचं खूळ डोक्यात शिरलंय वाटतं!" भाची एका कंपनीत दिवसभर इतरांच्या व्हिडिओंची डिस्क्रिप्शनं लिहायची. म्हणजे व्हिडिओच्या खाली तो कशाबद्दल आहे हे सांगणारा मजकूर असतो ना, तो. तो नीट लिहिला तर शोधणाऱ्याला तुमचा व्हिडिओ वर दिसतो, नाहीतर पाताळात. काकूंनी पहिलं डिस्क्रिप्शन स्वतः लिहिलं: "चारछिद्री बटणाची देठ ठेवून पक्की शिवण, काजाच्या मापासह."

भाचीने वाचलं आणि कपाळ बडवून घेतलं. "मावशी, काज म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला तुझा व्हिडिओ कशाला लागतोय?"

"मग काय लिहू?"

"तुला काय माहीत आहे ते लिहू नकोस. शोधणाऱ्याला काय माहीत नाही, ते लिही. त्याच्याच शब्दांत. आणि सगळी मेख पहिल्या दोन ओळींत. बाकीचं घडी घालून खाली जातं, कुणी उघडत नाही. पहिल्या दोन ओळींत माणसाला वाटलं पाहिजे, अरे, हे तर माझंच रडगाणं!"

काकूंनी शाळेसारखी वही घातली. डाव्या पानावर भिंगरीला काय काय येत नव्हतं त्याची यादी, उजव्या पानावर ते ती कुठल्या शब्दांत विचारेल. बटण लावणं. पँटची लांबी. उसवलेली बाही. लोकरीचा स्वेटर धुताना आटतो तो. शाईचा डाग. इस्त्रीने चटका बसलेली जागा. यादी संपेना. सत्तावीस गोष्टी झाल्या आणि काकू मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. बावीस वर्षं पोर मांडीशी होती, आणि मी करत काय होते? लोकांची उसवण शिवत होते!

उजवं पान लिहायला तर भिंगरीच्या तोंडून बोलावं लागायचं. ती अशी बोलायची: "च्यायला, तुटलं परत!" ते काकूंनी तसंच लिहिलं. भाचीने "च्यायला" तेवढं काढलं.

पहिल्या व्हिडिओला अकरा व्ह्यूज. त्यातले चार भाचीचे, दोन काकूंचे. दुसऱ्याला एकोणीस. तिसऱ्याला काकूंचा धीर सुटला. भाचीला न विचारता त्यांनी डिस्क्रिप्शनमध्ये भिंगरीचं नाव लिहिलं. एकदा नाही, चाळीस वेळा, एकाखाली एक. एवढं लिहिलं तर कुठून तरी पोचेलच! अति तिथे माती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओच उडवलेला, आणि वर तंबी: पुन्हा असं केल्यास चॅनेल बंद. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. भाची धावत आली. "अगं मावशी, असं नाव कोंबलं की त्यांना वाटतं तू फसवतेयस!"

"आईने लेकीचं नाव घेतलं तर ती फसवणूक?"

"तिथे बसलेल्या यंत्राला काय कळतंय आई कोण ते?"

दुसरा महिनाही गेला. काका आता पलंगावरून उठून मोरीपर्यंत जायचे तर परत आल्यावर पाव तास बोलू शकायचे नाहीत. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर चोवीस तास. काकू सकाळी गिऱ्हाइकांचं काम, दुपारी उजेड असेतो व्हिडिओ. भाची म्हणायची, हळूहळू वाढेल, वर्षभराने बघ. वर्षभराने! काकूंना हसावं की रडावं कळेना.

"मावशी, हजारोंनी बघावं म्हणून लोक धडपडतात. एका माणसासाठी कुणी वर येत नाही गं."

"मला एकीच्याच पुढे यायचंय."

"तिच्यापुढे यायला आधी हजारोंच्या पुढे यावं लागतं."

आणि काय सांगावं, आठव्या व्हिडिओने डोकं वर काढलं. पँटची चेन मध्येच अडकते, तिचा रनर काढून परत कसा घालायचा, त्याचा. पहिल्या दोन ओळी होत्या: "चेन अडकलीय, वर जात नाही, खाली येत नाही, आणि बाहेर पडायला दहा मिनिटं उरलीत. घाबरू नकोस, पेन्सिल आहे का घरात?" भाचीच्या कंपनीतले लोकसुद्धा म्हणाले, कुणी लिहिलंय हे? आठवड्यात चाळीस हजार, दोन आठवड्यांत नव्वद हजार. चेन अडकली असं कुणीही टाकलं की काकूंचे हात सगळ्यात वर! भाची नाचली. काकू मात्र डोळ्यांत तेल घालून कमेंट वाचत बसल्या. चारशे बारा कमेंट, एकूण एक, त्यांतलं प्रत्येक अक्षर. यातली कुठली माझी?

एक होती. "थँक यू आई, वाचवलंस!" काकूंच्या हातून कात्री पडली. त्यांनी लगेच लिहिलं, "कुठे आहेस बाळा?" दिवसभर फोन मांडीवरून हलवला नाही. संध्याकाळी उत्तर आलं: "वसतिगृहात, आई. मी आणि माझे तीन रूममेट तुम्हाला आईच म्हणतो." कुणी तरी भला पोरगा. काकूंनी त्याला "सुखी राहा" लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्याला धरून किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

आणखी एक कमेंट पुनःपुन्हा यायची. संगीताच्या मागून कुणीतरी खोकतंय, फार त्रास होतो. भाचीने सांगितलं, "आवाज स्वच्छ नसेल तर लोक मधेच सोडून जातात, आणि लोक सोडून गेले की व्हिडिओ खाली." ती फोनवरच खोकला कापून टाकू लागली. काकूंना वाटलं, यांना कशाला कळतंय. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं? पलंगावरचा माणूस सगळं ऐकत होता.

तिसरा महिना संपत आला होता. एका दुपारी काकू फाटक्या खिशाचा व्हिडिओ करत होत्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आज मागून काहीच आवाज नाही. बरं वाटतंय वाटतं आज यांना, म्हणून त्या आत डोकावल्या. काका पलंगावर ओणवे होऊन टॉवेल तोंडात कोंबून बसलेले. चेहरा काळानिळा, डोळे बाहेर.

"अहो! अहो, काय करताय हे!" काकूंनी टॉवेल ओढला. आणि तो खोकला आला. बाहेर पडायला वेळ लागावा एवढा साठलेला. किती वेळ काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. शेवटी काका एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाले, "व्हिडिओ... वर... राहायला हवा ना?"

"कशाला? जीव देऊन? कशाला हवाय तो वर?"

काकांनी उशीखालून वही काढली. काकूंची वही! डावं पान, उजवं पान. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून वाचताय?"

"पहिल्या... आठवड्यापासून. तू बाहेर गेलीस की." दम घेतला. "एक राहिलंय तुझं."

काकूंनी वही उघडली. सत्तावीसच्या खाली मीटरच्या आकड्यांच्या त्या नेटक्या अक्षरात, पण हात हललेला, लिहिलं होतं: "२८. सुईत दोरा ओवणं. मीच ओवून द्यायचो." आणि समोरच्या उजव्या पानावर: "बाबा, दोरा जातच नाहीये! वैताग आलाय!"

सहा वर्षांत या घरात विषय निघाला नव्हता. आता तो वहीत लिहून उशीखाली पडला होता, आणि काकू इकडे नव्वद हजार लोकांत तिला धुंडाळत होत्या. संताप म्हणा, दुःख म्हणा, काकूंना दोन्ही एकदम आलं. "हे तोंडाने बोलला असतात ना एकदा, तर ती गेली नसती! तेव्हा विचारत होती ती माझ्याकडे!" भिंतीकडे तोंड करून काकांनी डोळे पुसले.

मग म्हणाले, "उद्या हा कर. आणि मधलं दार लावू नकोस."

"आवाज येईल. मग भाची कापून टाकेल."

"कापायचा नाही."

"अहो, लोक सोडून जातात त्याने—"

"जाऊ देत लोक." काकांना आवाज चढवायचा होता, चढला नाही. "ती दार कशावरून उघडायची? तुझ्या हातांवरून?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नव्वद हजार लोकांपुढे त्यांनी आपले हात नेले होते, आणि भिंगरीला घर ज्याने कळायचं तेच दर वेळी कापून फेकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुईदोऱ्याचा व्हिडिओ झाला. संगीत नाही. मधलं दार सताड उघडं. दोऱ्याचं टोक तिरपं कापायचं, ओलं करायचं, दोरा सुईकडे नाही, सुई दोऱ्याकडे न्यायची. एवढंच. चार मिनिटांत काका सहा वेळा खोकले. मुद्दाम नाही, आता मुद्दाम करायची गरजच नव्हती. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी काकांच्याच: "बाबा, दोरा जातच नाहीये! वैताग आलाय!" भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, हा पडणार." काकू म्हणाल्या, "पडू दे."

आणि पडलाच! पहिल्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी साठ. पाचव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "आधी मागच्या म्हाताऱ्याला पाणी द्या." काकू दर तासाला फोन बघायच्या. सहाव्या दिवशी काकांनी जेवण नाकारलं. सातव्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले, मशीनचा काटा वाढवून ठेवला आणि काकूंना म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. कुणाला बोलवायचं असेल तर! काकूंना वाटलं या माणसाच्या अंगावर धावून जावं. त्या "हो" म्हणाल्या आणि त्यांची बॅग जिन्यापर्यंत नेऊन दिली.

नवव्या दिवशी दुपारी काकू कुणाच्या तरी पडद्याला काठ घालत होत्या. फोन वाजला. नवी कमेंट. चित्र नाही, नावाच्या जागी नुसते आकडे.

"हा मागचा खोकला आधी असा नव्हता. डॉक्टरला दाखवलंय का?"

काकूंनी एकदा वाचलं. परत वाचलं. पडद्यावरून पाय अडखळत त्या आत गेल्या आणि फोन काकांच्या डोळ्यांपुढे धरला. काकांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मग काकूंनीच वाचून दाखवलं. "आधी असा नव्हता," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले. "बघ. आधीचा माहीत आहे तिला."

"काय लिहू?" काकूंना रडू आवरेना. दोन महिने त्या हेच शिकल्या होत्या की पहिल्या दोन ओळींत माणूस थांबला नाही तर गेला. आणि आता एक शब्द सुचेना! चार महिने सांगितलेत ते लिहू? तर ती घाबरेल. तुझी आई लिहू? तर फोन बंद करेल. खरं लिहू? खऱ्याने तर एकदा घालवली. "अहो, सांगा ना, काय लिहू? ती जाईल परत!"

काकांनी चष्मा चढवून हात पुढे केला. फोन घेतला. ज्या माणसाने जन्मात कधी कुणाला मेसेज केला नव्हता, तो एका बोटाने अक्षरं शोधू लागला. मध्ये दोनदा थांबले, श्वास घेतला. काकूंनी हात पुढे केला की मान हलवायचे. पंधरा मिनिटं लागली. मग फोन काकूंकडे दिला. दोन ओळी होत्या.

"शर्टाचं बटण तुटलंय.
लावायला ये."

काकूंनी पाठवून दिलं.

मग काहीच झालं नाही. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या, फोन दोघांच्या मध्ये चादरीवर. मशीन घरघरत होतं. चार वाजले. पडद्यांचं गिऱ्हाईक येऊन दार वाजवून गेलं, काकू उठल्या नाहीत. काकांचा डोळा लागला, परत उघडला. "आलं?" "नाही." पुन्हा डोळा लागला. पुढच्या खोलीत खिडकीतला उजेड पायमशीनच्या चाकावरून खाली जमिनीवर आला. काकू मनात म्हणाल्या, झालं, चुकली आपली ओळ, परत चुकली.

फोन थरथरला.

काकूंनी उचलला. अक्षरं दिसेनात, डोळे पदराला पुसून परत बघितलं.

"कुठल्या रंगाचा दोरा आणू, बाबा?"

काकूंनी वाचून दाखवलं. काकांनी मान मधल्या उघड्या दाराकडे वळवली. छाती वरखाली होत होती.

"पांढरा म्हणावं," ते म्हणाले. "आणि लवकर."